पालिकेचा फोन

चि. तात्सुरो, आशीर्वाद.

फार उशिरा लिहितोय, माफ कर. आधीची दोन पत्रं टपालात टाकलीच नाहीत, ती चहाच्या डब्याखाली आहेत.

एप्रिलमध्ये तुझी कोहारु पहिलीत जाईल. शाळेनंतरच्या पालिकेच्या पाळणाघरात तिला जागा मिळाली नाही. निर्णयाआधी पालिकेतल्या बाईंचा फोन आला, तो मीच घेतला होता. "आजोबा, तब्येत कशी आहे? संध्याकाळी नातीला सांभाळाल ना?"

"अहो, अगदी धडधाकट आहे!" मी म्हणालो. परक्या बाईपुढे दुखणं कसं उगाळायचं? घरात सांभाळणारं माणूस असलं की जागा देत नाहीत, हे नंतर कळलं.

सूनबाई म्हणते, "असू दे बाबा, तुम्ही आहात ना!"

काल बालवाडीतून येताना मला घराचा रस्ता आठवेना. कोहारुनेच हात धरून आणलं. म्हणाली, "आजोबा, तुम्ही हरवलात ते आईला नाही सांगणार हं."

डॉक्टरांचा दाखला दिला तर जागेचा पुन्हा विचार करतील. पण त्यात माझं विसरणं लिहिलेलं असेल, आणि तो सूनबाईच्या हातात पडेल. देऊ का?

ओसाकाचा तुझा पत्ता पाकिटावर लिहिलाय. तिकीट लावायला हात उठत नाही. एप्रिलला नऊ दिवस राहिलेत. लवकर कळव.

तुझे बाबा