घरचाच परवाना

कोलंबस, ओहायो

लाडके मॉरीन,

तुझी कॉलेजची चार वर्षं, पायांच्या डॉक्टरकीची चार, इस्पितळातली तीन. आता फक्त परवाना हातात यायचा राहिलाय.

गेल्या आठवड्यात मी आपल्या बुटांच्या दुकानात गिऱ्हाईक एलनोराबाईंच्या पायाचं कुरूप कापलं. मधुमेह त्यांना. आधी त्यांनी विचारलंही होतं, "वॉल्टर, परवाना आहे का रे तुला?"

"लेकीचा येतोच आहे. घरचाच समजा."

आज त्यांचा अंगठा काळा पडलाय. म्हणतात, "पोरीनंच शिकवलं असणार. तिचंच नाव लिहिते तक्रारीत."

तुला कळलं तर बापासाठी दोष अंगावर घेशील, म्हणून हे धाडत नाही. परवाना मंडळाच्या दाराशी गाडीत बसलोय. "डॅड, ब्लेडला हात लावायचा नाही," असं तू दोनदा बजावलं होतंस, तेच सांगायला आत जातो.

तुझा आगाऊ बाप,
वॉल्टर