बाबांच्या मांडीवरचा फोटो

१४ जुलै, सोमवार
दुसरीच्या पोरांनी आज हद्द केली! रद्दी, कात्र्या, डिंक दिला आणि म्हटलं, खोटा फोटो बनवा. कुंदननं शाम्पूच्या जाहिरातीतली बाई ट्रॅक्टरवर अशी बसवली की क्षणभर मीच फसले. मग खोटं ओळखायचं कसं ते शिकवलं — कडा बघा, उजेड बघा, हात बघा. प्रतीक्षा म्हणाली, "मॅडम, मोबाईलमंदले फोटो बी आसेच करते का?" कधी कधी, म्हटलं. मग पोरं पुस्तकातले फोटोसुद्धा संशयानं तपासायला लागली.

१५ जुलै
पोरांचा सगळ्यावरचाच विश्वास उडायला नको. उद्या एक खरा फोटो नेते. बाबांचा. मी तान्ही, त्यांच्या मांडीवर. मी दोन महिन्यांची असताना ते गेले. त्यांनी मला कधीतरी घेतलं होतं, याची एवढीच खूण आहे माझ्याकडे.

१६ जुलै
प्रतीक्षा फोटोला नाक लावून बसली. "मॅडम, हा बी चिकटवेल हाये."
हसले मी. वेडी कुठली!
"पाहा ना! तोंडावर उजेड इकून, आंगावर तिकून. आन हात तं बाईचे हायेत."
पाहिलं. खरंच!! कॉलरवर बारीक कापल्याची रेघसुद्धा. जन्मभर हा फोटो पाहतेय, फळ्यावर "हात बघा" लिहिणारी मी — मला दिसू नये? मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहिले. डबा उघडला नाही.

१७ जुलै
आईचे दोन फोन. उचलले नाहीत.

१९ जुलै, शनिवार
सकाळची शाळा उरकून अकोल्याहून थेट अमरावती. फोटो आईपुढे ठेवला. "हा चिकटवलेला आहे ना?" तिनं तो पदरानं पुसला. मग म्हणाली, "तू पोटात होती तवाच गेले ते. तुले मांडीवर घ्याचं लय मनात होतं त्यायच्या." स्टुडिओवाल्यानं जुन्या फोटोतला चेहरा कापून लावला म्हणे.
म्हणजे बाबांनी मला पाहिलंसुद्धा नाही! ओरडले मी — "मग कोणाच्या मांडीवर बसवलंस मला? कोणाचे हात आहेत ते?"
आई उठून स्वयंपाकघरात गेली. मी जेवले नाही. फार राग आलाय तिचा.

२० जुलै
सकाळी आईनं कपाटातून बाबांचा एक शर्ट काढून माझ्यासमोर ठेवला. बारीक चौकडीचा — फोटोतलाच! "हा घालून मीच बसली होती," म्हणाली. "हातात तसंबी बांगड्या नोत्या तवा."