कपावर दोनदा

प्रिय बडबडे,

परवा फोनवर तू जे केलंस त्याबद्दल आभार मानल्याशिवाय मला चैन पडेना. बाप आभार मानतोय म्हणून हसू नकोस. घशाच्या ऑपरेशनात माझा आवाज गेला, तेव्हा हे लिनक्सवर चालणारं कॉम्प्युटरचं मशीन तूच टेबलावर बसवून दिलंस. मी टाइप करायचं, त्याने बोलायचं. बोलतं झकास, पण बातम्या दिल्यासारखं. ‘कशी आहेस’ विचारलं तरी वाटतं, कुठेतरी पूर आलाय. तेव्हापासून तुझे फोनही आटोपते झाले. औषध घेतलं का, जेवलात का, ठेवते.

परवा मशीनने नवा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, बसवायला घेतला आणि मध्येच पडदा ढिम्म. अडकलेली घड्याळं हलवून चालू करण्यात माझा जन्म गेला. मी सरळ वायर उपटली! परत लावली तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, पुढे काही नाही. तोंडचं पाणी पळालं गं. दुसऱ्यांदा मुका झालो.

माझ्या त्या बटणांच्या फोनवरून तुला लावला खरा, पण बोलणार काय, कपाळ? चमच्याने कप वाजवत बसलो. तुला कसं कळलं देव जाणे! एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, असं ठरवून तू कामालाच लागलीस. मशीन चालू करताना शिफ्ट दाबून धरायला लावलंस, यादीतून जुना कर्नल निवडायला लावलास. तो बिचारा शाबूत होता, त्यावर मशीन उठलं. मग अर्धवट राहिलेलं काम पुरं करायची आज्ञा एकेक अक्षर सांगून टाइप करून घेतलीस. ते चालू असताना तू तुझ्या साहेबाची नक्कल केलीस, शेजारणीच्या मांजरावर यथेच्छ तोंडसुख घेतलंस. लहानपणी घड्याळांच्या दुकानात माझ्या टेबलाखाली बसून बोलायचीस, अगदी तश्शी. किती दिवसांनी गं!

आता खरं सांगतो. शेवटी नव्या कर्नलवर मशीन सुरू झालं का, असं तू पुन्हा पुन्हा विचारत होतीस आणि मी दोनदा वाजवत होतो. अगं, ते केव्हाच सुरू झालं होतं. पण हो म्हटलं असतं, तर तू फोन ठेवला असतास. रविवारी कर फोन. काही बिघडलेलं नसेल, तरी कर. मी मशीन बंदच ठेवीन, कप-चमचा घेऊन बसेन.

तुझाच,
यापुढे वायरला हात न लावणारा
बाबा