ताईची क्षमा

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

यांना घरी आणलं. दचकू नकोस. अर्ध्या अंगावरून वारं गेलं, वाचा बसली. मला नि बेकरीला वाऱ्यावर सोडून ज्या शिवणवालीकडे गेले, ती स्वतःच गुडघ्यांनी अधू. तिला यांना उचलता येईना, म्हणून दवाखान्यात पडून होते. चर्चचे पाळक म्हणाले, क्षमा बोलायची नसते, करायची असते. मी लगेच गाडी केली. ती दवाखान्याच्या पायरीवर यांच्या कपड्यांची पिशवी घेऊन उभी होती. पिशवी घेतली, प्रभू तुझं भलं करो म्हटलं आणि निघाले.

दिवसभर यांची खुर्ची दुकानात, काउंटरशेजारी असते. पाव न्यायला आलेले लोक थबकतात. मी यांच्या हनुवटीवरची लाळ पुसते, तेव्हा बायका पदर डोळ्यांना लावतात. शिक्षिकाबाई म्हणाल्या, प्रवचनं खूप ऐकली, आज डोळ्यांनी पाहिलं.

तू नर्स. यांना बोलायला कसं शिकवायचं ते कळव. चर्चला जातेस ना, की अजून ड्यूटीचंच निमित्त?

तुझी,
ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वॉर्डातल्या स्टुलावर बसकणच मारली. मी असते तर दाजींना पिशवीसकट पायरीवर ठेवून आले असते. तू थोर खरी! माझ्या चर्चचं म्हणशील, तर रविवारी काय पेशंटना शी-शू होत नाही? देवाला माझ्या ड्यूट्या पाठ आहेत.

बोलण्यासाठी रोजच्या गरजेचे शब्द घे. पाणी, हो, नको. आला तर शाबासकी, नाही आला तर राहू दे. आणि हे नीट वाच. कोरडा घास अजिबात द्यायचा नाही. तो छातीत उतरतो आणि माणूस हातचा जातो. ताठ बसवून, पाव दुधात कालवून, चमच्याने.

पण दुकानात कशाला बसवतेस गं? दाढी केल्याशिवाय दाजी दारातसुद्धा जात नसत.

लोभ कमी करू नकोस.
धाकटी

ता. २ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझा उपाय लागू पडला. शब्द मात्र मी माझा निवडला. ‘चुकलो’. तो म्हटल्याशिवाय चमचा पुढे करत नाही. पहिले काही दिवस हट्टाने उपाशी राहिले, मग पोटाने जीभ सोडवली. आता गिऱ्हाइकांसमोरही म्हणतात. कुणी कुणी टाळ्या वाजवतात.

म्हणून परवा घरच्या प्रार्थनासभेत सगळ्यांपुढे म्हणायला लावलं. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या बाईचं नाव घेतलं. स्पष्ट, एकही अक्षर न अडखळता. कोपऱ्यातली एक पोरगी फिसकन हसली. माझे कान तापले. पाळकांनी घाईने गीत सुरू केलं.

तेव्हापासून बोलण्याचा सराव बंद. डोक्याला ताण नको. खुर्ची मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलीय, म्हणजे मन एकाग्र होईल. ती बाई भेटायला आली होती. तिला उंबऱ्यावरूनच एक पाव दिला, फुकट, आणि वाटेला लावलं. वैऱ्यालाही जेवू घालावं माणसाने.

येत्या प्रभुभोजनाला, पवित्र भाकर घ्यायला, यांना चर्चमध्ये नेणार आहे. तुझ्यासाठी प्रार्थना चालू आहे.

ताई

ता. १० एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

काल मी येऊन गेले. तू बाजारात होतीस, मुद्दामच तेव्हा आले. दाजींच्या पाठीला जखमा झाल्यात. खुर्ची फिरवली तर उजेडाने डोळे मिटून घेतले त्यांनी. तिच्याकडे जायचंय का, असं विचारलं. हो म्हणाले. पुन्हा विचारलं, पुन्हा हो.

तिच्याशी बोलले आहे. उचलायला तिचा भाचा येईल, मलम-पट्टीला मी येत जाईन. सोमवारी आमच्या दवाखान्याची गाडी घेऊन येते. भांडू नकोस. क्षमा केलीस ना? मग सोड त्यांना.

प्रभुभोजनाची भाकरही देऊ नकोस. ओठांना नुसती लाव. पाया पडते.

धाकटी

ता. १७ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गाडी परत न्यावी लागली म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. तू आलीस तेव्हा मी दफनाच्या कामात होते, बोलणं झालं नाही.

रविवारी प्रभुभोजनाला सगळी मंडळी पाहत होती. सगळे घेणार आणि यांना नुसती ओठांना लावायची? यांनी तोंड फिरवलं. मी हनुवटी धरली, घास आत सारला आणि गिळेपर्यंत तोंड दाबून धरलं. ठसका थांबेना. संध्याकाळी ताप, पहाटे सगळं संपलं. पवित्र घास पोटात घेऊन गेले. असं मरण कुणाच्या वाट्याला येतं?

अंत्यविधीला ती आली होती, सगळ्यांत मागे, खांबाला धरून. मी तिला हात धरून पुढे आणलं आणि सर्वांदेखत म्हटलं, बाई, मी तुलाही क्षमा केली आहे. चर्चभर हुंदके.

तिच्या भाच्याला परगावी काम लागलंय, तिला आता आगापिछा नाही. मी पाळकांसमोरच सांगितलं, मागची खोली रिकामी आहे. ती मान हलवत होती, नको नको म्हणत होती. पण सगळ्यांनी समजूत घातली. उद्या गाडी पाठवते आहे.

माया आहेच, राहो.
ताई