बाबांची गाडी चालू झाली

रविवार, ९ मार्च

प्रिय दादा,

मी आणि बाबा बरे आहोत, तूही असशील. बाबांचे गुडघे कुरकुरतात, बाबा कुरकुरत नाहीत. सात वर्षांनी माझं पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, बातमी चांगली आहे. बाबांची जुनी गाडी चालू झाली.

मीच केली. वर्कशॉपमध्ये रोज लोकांची इंजिनं उघडते, मग घरच्या गाडीनेच काय घोडं मारलंय? इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं तर त्याखालची सीलची पट्टी, ते गॅस्केट, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध जळालेलं. हेडही किंचित वाकलं होतं, ते घासून सपाट करून आणलं. नवं गॅस्केट बसवलं. बोल्ट आवळताना बाबा खुर्ची टाकून बसले आणि गाडीच्या पुस्तकातून क्रम वाचू लागले. मधल्यापासून बाहेर, तीन फेऱ्यांत. तिसऱ्या फेरीला म्हणाले, "त्याने तेव्हा पाणी बघितलं असतं, तर ही वेळच आली नसती."

माझा पाना थांबला.

दादा, गाडी बंद पडली त्याच्या आदल्या दिवशी रेडिएटर मी धुतला होता. खालचा नळ नीट बंद केला नाही. पाणी गळून गेलं आणि सकाळी तू गाडी काढलीस. इंजिन तापून बंद पडलं, तेव्हा तू वाकून नळाकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. 'बेफिकीर माणसाला माझ्या घरात जागा नाही,' असं बाबा म्हणाले, तरी तू अवाक्षर काढलं नाहीस. मीही नाही. तू बॅग भरलीस तेव्हासुद्धा नाही.

हे सगळं मी तिथेच बाबांना सांगितलं. त्यांनी पानात बोट घालून पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "विचारायला हवं होतं मी त्याला. नुसतं विचारायला."

पुन्हा पुस्तक उघडून म्हणाले, उरलेले बोल्ट आवळ.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. तासभर चढावर फिरवली, तापमानाचा काटा जागचा हलला नाही. काम चोख झालंय, हे मी छातीठोकपणे सांगते.

तुला बाबाच लिहिणार होते. चार दिवस कोरा कागद पुढ्यात घेऊन बसलेत, म्हणून मी लिहिते. त्यांना माफ करायचं की नाही, ते तू ठरव. माझी चूक मात्र त्यांच्या अंगावर घालू नकोस.

कधी येतोस ते कळव, न्यायला येऊ. गाडी मी चालवीन. आज सकाळी बाबांनी मागची सीट त्यांना आणि तुला शेजारी बसता येईल अशी रिकामी करून पुसून ठेवली.

तुझ्या गप्प राहण्याआड इतकी वर्षं लपलेली,
तुझी धाकटी