कपाटाची चावी

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

आज पहिल्यांदा मशीननं डोक्याला चुंबकाचे ठोके दिले. फवारणीच्या औषधाचं कपाट सारखं सारखं तपासायचा माझा आजार त्यानं कमी होईल म्हणे. शेजारच्या भाऊजींनी ते औषध पिऊन जीव दिला, तेव्हापासून कपाटाची चावी माझ्या मुठीतच असते.

"ताई, आत धातू चालत नाही," सिस्टर म्हणाली. मग चावी कोणाला देणार? यांनाच दिली. ज्यांच्या जिवाच्या भीतीनं कुलूप लावते, त्यांनाच! ठोके चालू होते आणि डोक्यात फक्त चावी.

बाहेर आले तर हे म्हणाले, "घे तुही चावी. मी हाललो नाही इथून." मी विचारलं नव्हतं. मग काहून सांगितलं?

डॉक्टर म्हणतात, भीती खोटी आहे. असेल. पण दवाखान्याच्या फाटकाशीच चाव्या बनवणारा बसतो. घरी आल्यापासून कपाटाकडे फिरकले नाही. आता कुलूप पाहून काय फायदा?