मुका खांब

जेल रोड, नाशिक
रविवार, दुपारी चार

प्रिय तेजल,

'उपरोक्त विषयास अनुसरून' असे लिहिण्याची माझ्या हाताला तीस वर्षांची कार्यालयीन सवय आहे. परंतु या पत्राच्या माथ्यावर विषय नाही, कारण आज सकाळी अकरापर्यंत तो खुद्द पत्रलेखकासही ज्ञात नव्हता. तू म्हणशील, रोज फोन होतो, मग पत्राचा हा प्राचीन उपद्व्याप कशाला? फोनवर तू आईच्या गोळ्यांची, रक्तदाबाची आणि व्यायामाची चौकशी करतेस, मी साद्यंत अहवाल सादर करतो, आणि 'आईला दे' असे म्हणण्याची वेळ आली की तू शिकवतेस त्या देवळ्याचे नेटवर्क नेमके गतप्राण होते. गेले पाच महिने ते इतक्या निष्ठेने गतप्राण होत आहे की दोष दूरसंचार खात्याला द्यावा, असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

प्रथम शुभवार्ता. तुझा पिता क्रोशाकार झाला आहे. आईला बोलते करण्यासाठी येणाऱ्या रोशनीताईंनी आज्ञा केली की तिच्या हातांना जे येत होते ते तिच्यासमोर घडत राहू द्या, शब्द त्यामागून येतील. आईचा उजवा हात तर अद्याप असहकाराच्या भूमिकेवर ठाम आहे. म्हणून सुई माझ्या हाती आणि धागा तिच्या डाव्या हाती, अशी आमची संयुक्त आघाडी स्थापन झाली. विणायचे काय, तर ज्यास तुम्ही लोक ग्रॅनी स्क्वेअर म्हणता आणि मी पितामही-चतुष्कोण म्हणतो, ते. आजारापूर्वी आईने तुझ्यासाठी गोधडीएवढे पांघरूण आरंभिले होते. चोवीस चौकोनांपैकी नऊ झाले होते. उर्वरित पंधरांचा कार्यभार मजकडे आला.

पहिला चौकोन करताना मी चारही कोपऱ्यांतल्या साखळ्या गाळल्या. मला त्या अनावश्यक वाटल्या. निव्वळ हवा विणून काय साधणार? वस्तू चौकोनी न होता वाटीसारखी वर वळली. शेजारच्या लताबाईंनी, ज्या आईकडेच हे शिकल्या, ती उलटी करून पाहिली आणि टोपी छान झाली, असा अभिप्राय दिला. आई मात्र आजारानंतर प्रथमच हसली. अर्ध्याच चेहऱ्याने, पण संपूर्ण हसली. मग तिने बोटाने एकेक कोपरा दाखवला. कोपऱ्यात थोडी मोकळी जागा सोडल्याखेरीज चौकोन पसरत नाही, हे भूमितीचे तत्त्व मला चोपन्नाव्या वर्षी कळले.

त्यानंतर आमची प्रतिभा उधळली. मध्यभागी फूल घेऊन चौकोन केला, वर्तुळातून चौकोन काढला, एक तर कोपऱ्याकोपऱ्याने असा विणला की तो तिरका उभा राहिल्यासारखा दिसतो. रंगांचे सर्वाधिकार आईकडे आहेत. मी मेन रोडवरून काळ्या द्राक्षाच्या रंगाची लोकर आणली ती मंजूर झाली. पोपटी आणली ती खाटेखाली गेली. शेवटच्या, चोविसाव्या चौकोनासाठी तिने मला तीनदा दुकानात पिटाळले. अखेरीस स्वयंपाकघरातून कांद्याचे साल आणून माझ्या हातावर ठेवले, तेव्हा मला बोध झाला. उन्हाळ कांद्याचा तो गुलाबी रंग. म्हणजे तुझे कांद्याचे देवळा. तो चौकोन तुझा आहे, तेजल.

आता तिच्या शब्दसंपत्तीविषयी. तिच्याकडे चार शब्द शिल्लक आहेत: हो, नको, मेल्या आणि मुका. यांपैकी 'मेल्या' हे माझे संबोधन होय. अठ्ठावीस वर्षे 'अहो' म्हणणाऱ्या स्त्रीच्या अंतरंगात हा शब्द किती सुस्थितीत जतन केलेला होता, हे पाहून मी नतमस्तक झालो. चौथ्या शब्दाविषयी मात्र मला तुझ्याशी बोलायचे आहे, आणि येथून पुढे माझी भाषा थोडी लंगडेल.

जानेवारीतला तो रविवार. तुझ्या लग्नाच्या विषयावरून तुम्हा दोघींचे वाजले. आई थांबत नव्हती, आणि तू म्हणालीस, "आई, तू जरा मुकी झालीस ना, तर या घरात सुख नांदेल." तुला वाटते, ते आईखेरीज कोणी ऐकले नाही. मी पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे अर्थातच ऐकत होतो. त्यानंतर अकराव्या दिवशी तिला झटका आला. दवाखान्यात तिने डोळे उघडले, तुझ्याकडे पाहिले आणि वाचा गेल्यानंतरचा पहिला शब्द उच्चारला: मुका. तू भिंतीसारखी पांढरी पडलीस आणि बाहेर निघून गेलीस. पुढे दोनदा घरी आलीस, तेही तासाभरापुरती. दोन्ही वेळा दारापाशीच उभी राहिलीस. तुला वाटले, तिने तुझे वाक्य तुला परत केले.

मी तेव्हाच बोलायला हवे होते. बोललो नाही, कारण तुझे ते वाक्य मी मनातल्या मनात अनुमोदिले होते. वर्तमानपत्राआडून, स्वाक्षरी न करता. आता घर शांत आहे, बाळा. कुकरची तिसरी शिट्टी मोजायलासुद्धा कोणी ओरडत नाही. असे सुख मला नको.

गेल्या रविवारी चौकोन जोडण्यास प्रारंभ केला. मी साध्या सुईदोऱ्याने शिवू लागलो. आई अस्वस्थ झाली आणि 'मुका, मुका' म्हणत माझा हात ढकलू लागली. मला तुझेच वाक्य आठवले आणि मी सुई खाली ठेवली. लताबाई दारातून म्हणाल्या, "अहो भाऊ, तसं नाय. मुक्या खांबानं जोडा म्हणताहेत." क्रोशात उंच टाक्याला खांब म्हणतात, आणि ज्याला धड उंचीच नाही अशा बुटक्या टाक्याला मुका खांब. तो दिसत नाही, मिरवत नाही. दोन चौकोन एकमेकांना धरून ठेवतो, इतकेच. मला परमानंद झाला. दवाखान्यात तिला पांघरूणच आठवले असणार, असा सिद्धान्त मांडून मी तुला सहा पानी पत्र लिहिले आणि आज सकाळी अकरा वाजता ते तिला वाचून दाखवले.

तिने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "नको." आणि थोड्या अंतराने, अत्यंत सुस्पष्टपणे, "मेल्या."

नंतर तिने डाव्या हाताने भिंतीवरचा तुझा फोटो दाखवला, तो शाळेच्या गणवेशातला, दोन वेण्यांचा. तेच बोट आपल्या गालावर टेकवले आणि म्हणाली, "मुका."

तुला शाळेच्या रिक्षाचा हॉर्न आठवतो का? तू घाईत असायचीस, ती डबा पाठीमागे लपवायची आणि गालावर बोट ठेवायची. मुका दिल्याखेरीज डबा नाही. पहिलीपासून सहावीपर्यंत रोज. शुद्धीवर येताच तिला तू दिसलीस, आणि तिने तुझ्याकडे तेच मागितले. मी, तीस वर्षे शब्दांचा कीस काढणारा कार्यालयीन अधीक्षक, एका दोन अक्षरी शब्दाचे दोन चुकीचे अर्थ लावून मोकळा झालो. तू तर एकाच अर्थावर पाच महिने जळते आहेस.

सहा पानी सिद्धान्त मी फाडून टाकला. हे पत्र त्याऐवजी. तेवीस चौकोन जोडून झाले आहेत. कांद्याच्या रंगाचा आई मला जोडू देत नाही, उशीखाली घेऊन निजते. शनिवारी शाळा सुटली की निघ. क्षमा वगैरे मागण्याची भाषणे एसटीतच संपवून ये. येथे ती कोणी मागितलेली नाहीत. दारापाशी थांबू नकोस, सरळ तिच्याजवळ जा. आणि एक लक्षात ठेव, तिचा उजवा गाल अजून बधिर आहे. डाव्या बाजूने जा, म्हणजे तिला कळेल.

तुझाच,
'मेल्या' या उपाधीने विभूषित
बाबा